जड पाइप म्हणजे चांगला पाइप? पीव्हीसी समजून घेताना

पाइपवरचा छापील मजकूर अलीकडे वाढला आहे. पूर्वी कंपनीचं नाव, माप आणि आयएसआयचा शिक्का एवढ्यावर भागायचं. आता त्यात 'लेड-फ्री' हे शब्द आले आहेत. मृगाच्या तोंडावर अमळनेर-पारोळ्याकडच्या कुठल्याही पाइपच्या दुकानात जरा वेळ थांबा. गिऱ्हाईक हे शब्द वाचतं, त्याचा अर्थ विचारत नाही आणि मग नेहमीचंच करतं. दोन कंपन्यांचे पाइप दोन हातांत घेऊन वजन जोखतं. "जड शे, म्हणजे मजबूत शे." दुकानदारही मान डोलावतो, त्याला काय!

लोखंडाच्या बाबतीत हा हिशेब बरोबर आहे. पीव्हीसीच्या बाबतीत तो साफ उलटा पडू शकतो. आणि हा प्रश्न आता फक्त बागायतदारांचा राहिलेला नाही. २०१९ मध्ये जलजीवन मिशन सुरू झालं तेव्हापासून गावोगावच्या गल्ल्यांत चाऱ्या खोदल्या गेल्या आणि त्यांतल्या कित्येक चाऱ्यांत हाच पाइप पडला. ज्यांची गुंठाभर जमीन नाही, त्यांच्याही माठात पाणी येतं ते याच्यातून.

एकच रेझिन, पण माल शंभर

पीव्हीसी म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइड. कारखान्यात ते पांढऱ्या भुकटीच्या रूपात, २५ किलोच्या पिशव्यांमधून येतं. या भुकटीला रेझिन म्हणतात. गंमत अशी की नुसत्या रेझिनचं काहीच बनत नाही. ते तापवलं तर नीट वितळण्याआधीच करपायला लागतं. म्हणून त्यात काही ना काही मिसळावंच लागतं, आणि काय मिसळलं यावर पुढचं सगळं ठरतं.

गव्हाचंच बघा. त्याच गव्हाची आपल्याकडे बट्टी होते आणि मांडाही होतो. बट्टी फोडायला हाताचा जोर लागतो, मांडा हातावर फिरवू तसा लांबत जातो. धान्य तेच, फरक भिजवण्यात आणि भाजण्यात. पीव्हीसीचंही तसंच आहे. कमी मिसळ करून कडक ठेवलं तर त्याचे पाइप होतात, वायरिंगच्या पट्ट्या होतात, खिडक्यांच्या चौकटी होतात. हवा धरून फुगवलं तर किचन ट्रॉलीचं फोम शीट होतं. आणि मऊ करणारं तेलकट रसायन, ज्याला प्लॅस्टिसायझर म्हणतात, ते भरपूर घातलं की त्याच रेझिनचं वायरीवरचं आवरण, मोटारसायकलच्या सीटचं रेग्झिन, सलाइनची नळी आणि रक्ताची पिशवी बनते. चौकाचौकांत लागणारे वाढदिवसाचे फ्लेक्ससुद्धा पॉलिस्टरच्या जाळीवर चढवलेलं मऊ पीव्हीसीच. नेत्याचा वाढदिवस आटोपला की तेच फ्लेक्स गोठ्याच्या छपरावर आणि मक्याच्या गंजीवर जातात. त्यावर पाणी ठरत नाही, हा पीव्हीसीचाच गुण.

काय पीव्हीसी नाही, तेही सांगून टाकतो, कारण घोळ इथेच होतो. ठिबकची काळी नळी पीव्हीसीची नसते, ती पॉलिथिलीनची. शेतात पाणी आणणारी मेन आणि सबमेन मात्र पीव्हीसीची. जळगावच्या एमआयडीसीतून देशभर जाणारी चटई पॉलिप्रॉपिलीनची. ओळखायची सोपी खूण अशी : तुकडा पाण्यात टाका. ठिबकची नळी आणि चटईची काडी तरंगते, पीव्हीसी बुडतं. पाण्यापेक्षा ते जवळपास १.४ पट जड आहे.

वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन

ते इतकं जड का, याचं उत्तर मिठात आहे. पीव्हीसीच्या वजनातला सुमारे ५७ टक्के भाग क्लोरीन असतो, आणि हा क्लोरीन मिठाच्या पाण्यातून वीज सोडून काढतात. उरलेला सुमारे ४३ टक्के भाग खनिज तेलातून किंवा वायूतून मिळणाऱ्या इथिलीनचा. बाकीची बहुतेक प्लॅस्टिकं जवळजवळ पूर्णपणे तेलावर पोसलेली असतात, हे मात्र अर्ध्याहून जास्त मिठावर. चीनमध्ये तर कोळशापासून कॅल्शियम कार्बाइड आणि त्यातून पीव्हीसी असा वेगळाच रस्ता मोठ्या प्रमाणावर वापरला जातो.

क्लोरीनमुळे या प्लॅस्टिकला तीन गोष्टी मिळाल्या. ते सहज पेट घेत नाही. ज्योत बाजूला केली की बहुधा आपोआप विझतं. म्हणूनच घरातल्या वायरींवर ते आलं. खारं पाणी, खतं आणि पातळ केलेली आम्लं त्याला फारसं काही करू शकत नाहीत. ठिबकची लाइन साफ करायला अॅसिड सोडतात तेव्हा मेनलाइनला काही होत नाही, ते यामुळेच. तिसरी गोष्ट म्हणजे कडकपणा.

शोधाची कथा थोडक्यात. १८३५ मध्ये फ्रान्सचे हेन्री रेनो आणि १८७२ मध्ये जर्मनीचे ऑयगेन बाउमान यांना प्रयोगशाळेतल्या बाटल्यांत उन्हामुळे एक पांढरा घट्ट पदार्थ तयार झालेला दिसला. पुढे कितीतरी वर्षं त्याचं करायचं काय, हे कुणाला कळलं नाही. १९२६ मध्ये अमेरिकेत वाल्डो सेमन यांनी त्यात मऊ करणारं द्रव्य मिसळलं आणि मग गाडी सुरू झाली. आपल्याकडे भवरलाल जैन यांनी १९८० मध्ये जळगावात पीव्हीसी पाइपचं उत्पादन सुरू केलं. आज जळगाव हे पाइपचं मोठं केंद्र आहे. केळीला पाणी हवं, पाण्याला पाइप हवा. बाजार दाराशीच होता.

'चार किलो' म्हणजे वजन नव्हे

दुकानात 'चार किलोचा', 'सहा किलोचा' पाइप मागतात. हे किलो पाइपचं वजन सांगत नाहीत, पाण्याचा दाब सांगतात. चार किलो म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला चार किलो. ढोबळ हिशेब असा : पाणी दहा मीटर उंच चढवायचं तर एक किलो दाब. म्हणजे चार किलोचा पाइप सुमारे चाळीस मीटर उंचीच्या पाण्याचा भार सतत सोसू शकतो, सहा किलोचा साठ मीटर.

पाण्याच्या पाइपचं भारतीय मानक आहे आयएस ४९८५. त्यात अडीच किलोपासून साडेबारा किलोपर्यंतचे वर्ग आहेत. बाहेरचा व्यास तोच राहतो, वर्ग वाढला की भिंत जाड होते. त्यामुळे एकाच कंपनीचा सहा किलोचा पाइप चार किलोच्या पाइपपेक्षा जड भरणारच, आणि मजबूतही असणार. जड म्हणजे चांगला ही समजूत इथूनच आली असावी. इथपर्यंत ती बरोबरही आहे.

मग कागदावर चाळीस मीटरचा हिशेब बसत असताना पाइप फुटतो का? बहुतेक वेळा कारण असतं पाण्याचा धक्का. रात्री दोनला लाइट येते, मोटर ऑटोवर असते, लाइन अर्धी रिकामी आणि तिच्यात हवा कोंडलेली. पाणी धावत जाऊन त्या हवेवर किंवा बंद व्हॉल्व्हवर आदळतं आणि त्या क्षणी दाब नेहमीच्या कितीतरी पट चढतो. सकाळी शेतकरी बघतो तर एल्बोपाशी चिखल. शिव्या पाइपला बसतात. खरं तर चढावर एक एअर व्हॉल्व्ह हवा होता.

मग जड पाइप वाईट कसा?

आता मूळ मुद्दा. एकाच मापाचे, एकाच वर्गाचे, सारख्याच जाडीचे दोन पाइप आहेत, आणि त्यांतला एक जास्त जड आहे. सावध व्हायचं ते इथे.

रेझिन महाग. देशाची निम्म्याहून जास्त गरज आयातीवर भागते, म्हणून कच्चं तेल, डॉलर आणि चीन यांपैकी काहीही हललं की पाइपचे भाव हलतात. दुसरीकडे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे बारीक दळलेली चुनखडीची पावडर, रेझिनपेक्षा कितीतरी स्वस्त. ती थोडी घालणं गैर नाही. योग्य प्रतीची आणि बेताची पावडर पाइप तयार करताना उपयोगीच पडते. पण भाव पाडायचा म्हणून ती ओतली की पाइप ठिसूळ होतो. आणि चुनखडीची घनता आहे सुमारे २.७, म्हणजे पीव्हीसीच्या जवळपास दुप्पट. जितकी भेसळ जास्त, तितका पाइप जड! ज्या वजनावर भरवसा ठेवून गिऱ्हाईक पैसे मोजतं, ते वजनच चुनखडीचं असू शकतं.

मानकानुसार पाइपची घनता १.४० ते १.४६ च्या दरम्यान असायला हवी. हे घरच्या घरी ढोबळपणे तपासता येतं. पाइपचा टाकाऊ तुकडा करवतीने बारीक कापा. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर १४५ ग्रॅम तुकडे मोजा. खुणा असलेल्या मापात अर्ध्यापर्यंत पाणी भरा, तुकडे पूर्ण बुडवा, त्यांना चिकटलेले बुडबुडे काडीने सोडवा आणि पाणी किती वर आलं ते बघा. चांगल्या पाइपचं पाणी साधारण १०० मिलिलीटर वर येईल. ते ९० किंवा त्याहून कमी भरलं, तर पाइपात चुनखडी मनसोक्त आहे. शंभर भाग रेझिनला पन्नास भाग पावडर घातली, तर घनता १.६७ च्या घरात जाते आणि पाणी ८७ मिलिलीटरच्या आसपास थांबतं. प्रयोगशाळेची सर याला नाही, पण हाताने वजन जोखण्यापेक्षा हे बरंच बरं.

प्लंबर लोकांची जुनी रीत आणखी सोपी आहे : बोटभर लांबीची रिंग कापायची आणि बुटाखाली दाबायची. चांगली रिंग चपटी होते, चिरत नाही. भरताडाची रिंग खटकन तुटते, आणि तुटलेली कड हाताला खडबडीत, पिठूळ लागते.

खान्देशचं ऊन आणि पीव्हीसी

पाइपवर छापलेला दाब २७ अंश सेल्सियस तापमानाला धरलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर जाते. उन्हात पडलेल्या रिकाम्या पाइपची भिंत त्याहूनही जास्त तापते. पीव्हीसी जसं तापतं तशी त्याची ताकद घटते. भिंत ४५ अंशांच्या पुढे गेली की ती निम्म्याच्या आसपास येते, आणि ८० अंशांजवळ तर पाइप लुळाच पडतो. म्हणजे भर दुपारी उघड्यावर तापलेला चार किलोचा पाइप मोटर सुरू होण्याच्या क्षणी दोन-अडीच किलोचा उरलेला असतो, आणि धक्का बसायचा तोही त्याच क्षणी.

शिवाय तो लांबतो. शंभर मीटर उघडी लाइन पहाटेच्या गारव्यापासून दुपारपर्यंत तीस अंशांनी तापली, तर सुमारे वीस सेंटीमीटर वाढते. लोखंडाच्या पाच-सहा पट. ही वाढ जाणार कुठे? लाइन नागमोडी होते, जोडावर ताण येतो. उन्हातले अतिनील किरण वरचा थर खातात ते वेगळंच. दोन-तीन उन्हाळे उघड्यावर काढलेल्या पाइपवर हात फिरवला की पांढरी पूड हाताला येते.

या सगळ्यावर उपाय एकच आणि तो जुनाच आहे. पाइप जमिनीत पुरा. आपल्या काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात ती फुगते, म्हणून चारीत खाली-वर थोडी वाळू किंवा बारीक माती घालायची. ढेकूळ-दगड थेट पाइपवर ढकलायचे नाहीत. जेसीबीवाला घाईत असतो, आपण घाई करू नये. पाइप आणून ठेवले असतील तर झाडाखाली, सपाट जमिनीवर. पत्र्याच्या शेडमध्ये एकावर एक रचले तर खालचे चपटे होतात.

घर बांधणाऱ्यांना एक सूचना. गिझर किंवा सोलरच्या गरम पाण्याला साधं पीव्हीसी चालत नाही. तिथे क्रीम रंगाचा सीपीव्हीसी लागतो. त्यात जादा क्लोरीन घातलेला असतो, म्हणून तो ९० अंशांपर्यंतचं पाणी सहन करतो. पाइपात वाचवलेले हजार रुपये पुढे टाइल्स फोडण्यात जातात.

सोल्युशन चिकटवत नाही

ज्याला आपण सोल्युशन म्हणतो, तो डिंकासारखा थर नसतो. ते दोन्ही पाइपांचा वरचा पृष्ठभाग विरघळवतं. दोन्ही मऊ थर एकमेकांत मिसळतात, द्रावक उडून जातो आणि जोड एकजीव होतो. म्हणून ओल्या किंवा धुळीच्या पाइपावर लावलेलं सोल्युशन फुकट जातं. म्हणूनच जोड बसवताना पाव फेरा द्यायचा, अर्धा मिनिट दाबून धरायचा आणि लगेच मोटर सुरू करायची नाही. डबा उघडा राहून दाटसर झालेलं सोल्युशन पातळ करून वापरण्याचा मोह अनेकांना होतो. ते टाकून द्यावं.

शेतावर कपलर नसला की पाइपचं तोंड जाळावर धरून फुगवायचं आणि दुसरा पाइप आत ठोकायचा, ही रीत सर्रास आहे. काम चालतं. पण ज्योतीवर एक बाजू करपते, भिंत असमान ताणली जाते आणि दोन वर्षांनी गळती तिथूनच सुरू होते. कारखान्यात सॉकेट काढताना उष्णता चारही बाजूंनी सारखी देतात.

लेड-फ्री हे नेमकं काय प्रकरण?

वर म्हटलं की रेझिन वितळण्याआधीच करपतं. पाइप तयार होताना माल १७० ते २०० अंशांवरून जातो. त्या तापात क्लोरीन सुटून हायड्रोक्लोरिक आम्ल बनू नये म्हणून एक रक्षक घालावा लागतो. त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. अनेक दशकं यासाठी शिशाची, म्हणजे लेडची, संयुगं वापरली गेली. ती स्वस्त आणि कामाला चोख. पण शिसं थोडं थोडं पाण्यात उतरू शकतं, विशेषतः नव्या पाइपातून सुरुवातीला येणाऱ्या पाण्यात. आणि शिशाची सगळ्यात मोठी झळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बसते. म्हणून केंद्र सरकारने २०२१ मध्ये पीव्हीसी पाइप आणि फिटिंगमधल्या लेड स्टॅबिलायझरबाबत नियम काढले. आता शिशाऐवजी कॅल्शियम-झिंक किंवा कथिलाची संयुगं वापरतात.

मग घरात वीस वर्षांपूर्वी टाकलेली लाइन उखडायची का? माझं मत, नाही. पिण्याचं पाणी भरताना रात्रभर पाइपात साठलेलं पाणी आधी झाडांना जाऊ द्या, एवढं पुरे. नवीन लाइन टाकताना मात्र 'लेड-फ्री' आणि आयएस ४९८५ दोन्ही बघून घ्या.

प्लॅस्टिक म्हणजे विषच ना?

हा आक्षेप हमखास येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. रेझिन ज्या वायूपासून बनतं, तो व्हिनाइल क्लोराइड माणसात कर्करोग घडवतो. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या एका पीव्हीसी कारखान्यातल्या कामगारांमध्ये यकृताचा अतिशय दुर्मीळ कर्करोग आढळला, तेव्हा हे उघड झालं. त्यानंतर कारखान्यांतली हवा, गळती आणि तयार रेझिनमध्ये उरणारा वायू यांवर कडक मर्यादा आल्या. वायूची एकदा साखळी झाली, म्हणजे पीव्हीसी तयार झालं, की ते स्थिर असतं. धोका कारखान्यात जास्त, पाइपात नगण्य.

मऊ पीव्हीसीचं प्रकरण गुंतागुंतीचं आहे. त्यातलं मऊ करणारं रसायन साखळीला बांधलेलं नसतं, नुसतं आत मुरलेलं असतं. ते हळूहळू बाहेर येतं. जुनं रेग्झिन कडक होऊन तडकतं, ते यामुळेही. थॅलेट गटातल्या अशा काही रसायनांचा शरीरातल्या हार्मोनवर परिणाम होतो, म्हणून लहान मुलांच्या खेळण्यांत त्यांवर अनेक देशांत बंदी आहे. आणि तरीही रक्तपेढीतली पिशवी वर्षानुवर्षं त्याच गटातल्या डीईएचपीने मऊ केलेल्या पीव्हीसीची राहिली. कारण तेच रसायन रक्तात उतरून लाल पेशींचं आवरण टिकवायला मदत करतं. लाल पेशी ४२ दिवसांपर्यंत साठवता येतात, त्यात या पिशवीचा वाटा आहे. एकच पदार्थ मुलाच्या तोंडात नको आणि रुग्णाच्या उशाशी हवा. सरसकट निवाडा इथे चालत नाही.

एका बाबतीत मात्र शंका ठेवायला जागा नाही. पीव्हीसी उघड्यावर जाळू नका. तांब्यासाठी वायरी जाळतात, हिवाळ्यात शेकोटीत फ्लेक्सचा तुकडा जातो. त्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ असते, डोळे आणि घसा चुरचुरतात ते त्यामुळे. शिवाय डायॉक्सिन नावाची अत्यंत विषारी संयुगं तयार होतात, ती जमिनीत आणि दुधात टिकून राहतात.

जुन्या पाइपचं काय होतं?

भंगारवाला तो घेतो. पाइप दळला जातो आणि भुकटीतून पुन्हा माल निघतो : वायरिंगच्या पट्ट्या, बागेच्या नळ्या, चपलांचे तळ. पीव्हीसी असं अनेकदा वापरता येतं. पण जुन्या पाइपातलं शिसंही त्या मालात जातं. म्हणून रंग एकसारखा नसलेला, आयएस क्रमांक नसलेला, बाजारभावापेक्षा फारच स्वस्त पाइप सांडपाण्याला घ्या, पिण्याच्या टाकीला जोडू नका. आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांच्या पोत्यात पाइपचे तुकडे टाकू नका. बाटलीचं प्लॅस्टिक आणि पीव्हीसी दोन्ही पाण्यात बुडतात, त्यामुळे बुडवून वेगळे काढता येत नाहीत, आणि बाटल्या पुन्हा वितळवताना पीव्हीसीचा थोडासा अंशही सगळा घाणा नासवतो.